‘पिपांत मेले ओल्या उंदिर’: दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त का भरतात?

शेवटचा_बाक
मर्ढेकरांची ही कविता आम्हाला मुक्तछंद, म्हणजे मात्रांचं बंधन नसलेली रचना, म्हणून शिकवली. मला काही पटेना, म्हणून मोजायला बसलो. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पहिली ओळ चोख ८ + ८ मात्रा. दुसरी ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू म्हणून ‘ड’ आणि ‘ळ’ गुरू धरले, तर ९ + ९ होतात. वृत्त मोडलंय का? आणि चौथी ओळ ‘माना पडल्या, आसक्तीविण’; मग ‘विण’ला ‘विण’ हे यमक म्हणायचं?

अर्धमात्रा
वृत्त शाबूत आहे. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात आला तरच ते गुरू. ‘पडल्या’ मोठ्याने म्हणा, ‘ड’वर जोर येत नाही, तो लघूच. ‘मुरगळल्या’तल्या ‘ळ’चंही तेच. उलट चौथ्या ओळीत ‘आसक्तीविण’ म्हणताना ‘स’ दाबला जातोच, तो गुरू: २+२+२+१+१. वृत्त कानाने मोजायचं, नुसतं कागदावर नाही.

लगावली
शुद्धलेखन बघा की! ‘उंदीर’ नाही, ‘उंदिर’. ‘गरीब’ नाही, ‘गरिब’. दीर्घ केलं की एक मात्रा वाढते. मुक्तछंदात ही काटकसर कोण करतं? सरळ पादाकुलक आहे, म्हणजे ८ + ८ मात्रांच्या ओळींचं वृत्त.

यमक म्हणाल तर ‘विण’च्या आधी एकीकडे ‘ल्या’, दुसरीकडे ‘क्ती’. स्वर जुळत नाही. गझलेच्या भाषेत काफिया (जुळणारं यमक) नाही, नुसता रदीफ (त्यानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द). मला ते मुद्दाम केलेलं वाटतं. ‘माना पडल्या’ दोनदा येतं, एकदा मरणात, एकदा ओठांना ओठ मिळाल्यावर; दोन्हीकडे उरतं ते फक्त ‘विण’.

शेवटचा_बाक
म्हणजे ‘बेकलायटी, बेकलायटी!’ हेही ८ + ८! एकच शब्द दोनदा म्हटला की ओळ भरली. मग कानाला मुक्तछंद का वाटतो?

अर्धमात्रा
वाक्य आणि ओळ एकत्र संपत नाहीत म्हणून. ‘उदासतेला जहरी डोळे, / काचेचे पण, मधाळ पोळें / ओठांवरती…’ इथे वाक्य ओळीच्या मधोमध तुटतं आणि पुढच्या ओळीत घुसतं. ‘डोळे–पोळें’ हे चांगलं खणखणीत यमक, पण त्यावर थांबायला सवडच नाही. याउलट ‘जगायची पण सक्ती आहे, / मरायची पण सक्ती आहे’ इथे वाक्य ओळीबरोबर संपतं. बदलतं काय, तर ‘जगा’च्या जागी ‘मरा’. लघु-गुरूसुद्धा तेच.