महामहिम, नामदार की नुसतं श्रीमती?

शहापूरहून

इथं बेळगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेल्या एक बाई पाहुण्या म्हणून येणार आहेत. माहेर खानापूर तालुक्यातलं. एका देशात त्या राजदूत होत्या, दुसऱ्या देशात उच्चायुक्त. पत्रिका दोन भाषांत छापायची आहे. प्रेसवाल्यानं कानडी बाजूला 'घनतेवेत्त' लावलं आणि मराठी बाजूला त्याचं 'महामहीम' करून प्रूफ पाठवलं. वाचून कसंसंच झालं, पण खोडायचं तर कारण सांगता यायला हवं. तो म्हणतो, "मोठ्या माणसाला मोठा शब्द नको काय री?" आणि ही दोन पदं वेगळी का, तेही कुणीतरी सांगा.

निपाणीहून

पदाचं आधी सांगतो. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे पाठवतात तो उच्चायुक्त, बाकी ठिकाणी राजदूत. म्हणून ढाका, कोलंबोला आपला उच्चायुक्त आणि काठमांडूला राजदूत. दर्जा तोच.

आता 'एक्सलन्सी', म्हणजे तुमच्या प्रूफातलं घनतेवेत्त आणि महामहिम. राजदूत ज्या देशात नेमलेला असतो त्या देशानं त्याला द्यायचा हा मान. आपल्या माणसाला आपणच आपल्या गावात म्हणायचा नव्हे, आणि निवृत्तीनंतर तर नाहीच. ऑक्टोबर 2012 मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या नावामागचं 'हिज एक्सलन्सी'सुद्धा देशातल्या वापरातून काढलं, त्या जागी 'माननीय' आलं. परदेशी पाहुण्यांशी बोलताना तेवढं राहिलं. त्याच महिन्यात 11 तारखेला प्रणव मुखर्जी आपल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाच्या उद्घाटनाला आले होते. राष्ट्रपतींनी जे उतरवून ठेवलं ते आपण पाहुण्या बाईंना कशाला चढवायचं?

शहापूरहून

हे पटलं. पण 'महामहिम' की 'महामहीम'?

खानापूरहून

लिहायचंच तर महामहिम, हि ऱ्हस्व. तत्सम शब्द आहे, गणित-मंदिरासारखा. 'जमीन'च्या चालीवर ओढायचा नाही. पण माझ्या कानाला तो हिंदी बातम्यांतून आलेला वाटतो. मराठीत 'ऑनरेबल'ला नामदार होता. नामदार गोखले म्हणत ते कायदे कौन्सिलातल्या सभासदत्वामुळे. कोल्हापूरकडच्या फलकांवर अजून 'मा. ना.' दिसतं, म्हणजे माननीयही आणि वर नामदारही, साखरेवर गूळ.

आणि राजदूताला पेशवाईत कोण म्हणत? वकील! निजामाकडे किंवा इंग्रजांकडे पाठवलेला आपला माणूस तो वकील. त्याआधी हेजीब. आज पत्रिकेवर 'माजी वकील' छापलंत तर बाई कोर्टातल्या ठरतील.

तुमचा प्रेसवाला ज्याला मोठा शब्द म्हणतो त्याला जुना शब्द 'मायना'. मूळ अरबी, अर्थ 'अर्थ' असाच. पत्राच्या आरंभावरून कोण कुणाला लिहितोय ते कळायचं. सरदाराला लिहिताना नावाआधी 'राजश्री', नावानंतर 'गोसावी यांसी', मग 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य'. पुढे त्याचंच आटून 'रा. रा.' झालं. आजोबांच्या ट्रंकेत एक अर्जाची नक्कल आहे, पिवळी पडून घडीवर फाटलेली. वर 'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी' आणि खाली सगळी तक्रार बांधाच्या दोन हातांची! मेहेरबान हा शब्द हुद्द्यासाठी होता, माणसासाठी नव्हे. तोच मामलेदार पेन्शनीत गेला की गावात नुसता रावसाहेब.

निपाणीहून

रावसाहेबवरून आठवलं. इंग्रज सरकार देत असे तो किताब. त्याच्या वर रावबहादूर. आमच्याकडे मात्र आता बारशालाच रावसाहेब ठेवतात. माझ्या वर्गात दोन होते, दोघेही मागच्या बाकावर.

घटनेच्या कलम 18 नं सरकारी किताब बंद केले. लष्करी आणि शैक्षणिक मान तेवढे वगळले. म्हणून डॉ. चालतं. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, पण नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं. तरी आपल्याकडच्या पत्रिकांवर 'पद्मश्री अमुक' सर्रास. संस्थानिकांची मान्यता 1971 च्या 26 व्या दुरुस्तीनं गेली. रामदुर्ग-जमखंडीकडे कुणी 'श्रीमंत' म्हणत असेल तर तो लोकांचा लोभ, सरकारी मायना नव्हे.

खानापूरहून

कानडी बाजूचं विसरू नका. 'घनतेवेत्त' तिकडे राज्यपालांच्या नावामागे शोभतं. तुमच्या पत्रिकेला 'श्रीमती' पुरे, आणि नावापुढे 'अवरु' आलं की झालं. मराठीत तेच काम 'यांचे' आणि अनेकवचनी क्रियापद करतं. आदर आपण वाक्याच्या शेवटी ठेवतो, म्हणून नावाआधी माळा घातल्या की पत्रिका लग्नाची वाटते.

शहापूरहून

पत्रिका गेली छापायला. 'श्रीमती' आणि नाव, खाली बारीक अक्षरात 'भारताच्या माजी राजदूत व उच्चायुक्त'. प्रेसवाला जरा हिरमुसला.

काल वेळ ठरवायला बाईंना फोन केला. मी घाबरत "मॅडम, आपण…" असं सुरू केलं. पलीकडून आवाज आला, "अहो बोला की री, शहापुरात कुठल्या गल्लीत?"