सर्व्हर हॉल २१ अंशांवरच का? वीजबिल विरुद्ध बंद पडण्याची भीती

खाडीकाठची (धागाकर्ती)

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या बहुतेक डेटा सेंटरमध्ये आत जाताना जॅकेट घालावं लागतं. बाहेर मे महिन्याची घामट दुपार, आत २० ते २१ अंश. अकरा वर्षं हेच बघतेय, आणि आता या उधळपट्टीचा मनापासून राग येतो.

माझं म्हणणं असं: कोल्ड आइल, म्हणजे सर्व्हरच्या पुढची गार हवेची गल्ली, २५ अंशांवर आणा. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, अशी अ‍ॅश्रेची (वातानुकूलन इंजिनीअरांच्या अमेरिकी संस्थेची) शिफारस आहे आणि ती २००८ पासूनची आहे. म्हणजे सर्व्हर बनवणाऱ्यांना जे चालतं ते आपल्याला चालत नाही.

कारण थंडीखाली दोष झाकले जातात. रॅकमधल्या (सर्व्हरच्या कपाटातल्या) मोकळ्या खणांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे झाकणपट्ट्या, नसतात. केबलसाठी फ्लोअर टाइल कापलेली असते, त्या भोकातून गार हवा नको तिथे निघून जाते. मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि वरच्या दोन सर्व्हरना २९ अंश लागतात. ग्राहकाचा फोन येतो, की आपण अख्खा हॉल आणखी दोन अंशांनी खाली. एका रॅकला ताप आला म्हणून चारशे रॅकना हुडहुडी भरवायची!

आकडा मांडते. इमारतीत येणारी एकूण वीज भागिले सर्व्हरपर्यंत पोचणारी वीज, म्हणजे पीयूई. समजा सर्व्हरचा लोड १ मेगावॉट आणि पीयूई १.७. तो १.५ वर आला तर २०० किलोवॉट वाचतात, वर्षाला १७ लाख ५२ हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी दीड कोटीच्या वर. डेटा सेंटरचा अभ्यास करणाऱ्या उपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांमध्ये जगाची सरासरी बरीच वर्षं १.५५ ते १.६० च्या आसपास अडकलेली आहे, आणि गूगल आपल्या सगळ्या केंद्रांची मिळून सरासरी १.१० च्या जवळ सांगतं. आपल्या हवेत १.१० जमणार नाही, मान्य. पण १.७ वर समाधान मानण्यासारखं काय आहे?

जुनी_रात्रपाळी

ताई, जॅकेटची गोष्ट खरी आहे. पण मी पंचवीस वर्षं शिफ्ट केली आहे, म्हणून स्पष्ट विरोध नोंदवतो.

२१ अंश ही चैन नाही, ती मिनिटं आहेत. वीज गेली की यूपीएस सर्व्हरला धरून ठेवतं, डीजी (डिझेल जनरेटर) पंधरा-वीस सेकंदांत लोड घेतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, मात्र लगेच उठत नाही. कॉम्प्रेसर बंद पडला की पुन्हा सुरू व्हायला त्याचा टायमर असतो, मग हळूहळू लोड चढतो. तोवर सर्व्हर पूर्ण ताकदीने उष्णता ओकत असतात आणि हॉलमध्ये फक्त साठलेली थंडी असते. २१ वरून ३२ ला जायला जेवढा वेळ मिळतो तेवढा २५ वरून मिळत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग एकदम गेला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी तेव्हा ज्या इमारतीत होतो तिथे डीजी उचलले, पण दोनपैकी एक चिलर फॉल्ट दाखवून बसला. तो मॅन्युअली रिसेट करून पुन्हा चढेपर्यंत हॉल २९ वर गेला होता. सुरुवात २५ वरून झाली असती तर त्या दिवशी मी ग्राहकांना सर्व्हर बंद करायला सांगत बसलो असतो.

बिल दर महिन्याला दिसतं. जे टळलं ते कुठल्याच कागदावर दिसत नाही.

हिशेबनीस

मी तुमच्या मजल्यावरचा नाही, बिल पास करणारा आहे. दोघांचं वाचलं. तापमानावर एवढं भांडण, पण वाया जाणारे सर्व्हर कोण मोजतं? २०१५ मध्ये संशोधक जोनाथन कूमी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तपासलेल्या सर्व्हरपैकी सुमारे ३० टक्के सहा महिने काहीही काम न करता नुसते चालू असल्याचं आढळलं होतं. आमच्याकडे यादी काढली तेव्हा असे १४ सर्व्हर निघाले ज्यांचा मालक विभागच बंद झाला होता. असा सर्व्हर काढला की त्याची वीज वाचते, त्याला गार करणारी वीज वाचते, यूपीएसवरचा भार कमी होतो. धोका शून्य.

दुसरं, देखभाल. दर महिन्याला डीजी लोडवर चालवायचा, दर तिमाहीला बॅटरी तपासायची, वर्षाला थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी). यातलं निम्मं कमी केलं तर काय बिघडेल? प्रामाणिकपणे विचारतोय.

जुनी_रात्रपाळी

पहिल्या मुद्द्याला शंभर टक्के पाठिंबा. दुसऱ्याला तितकाच विरोध.

डीजी सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इंजिन नसतं, स्टार्टरची बॅटरी असते. काही हजारांची वस्तू. टाकीत पाणी साचतं, डिझेलमध्ये शेवाळासारखा गाळ धरतो, फिल्टर चोंदतो. हे लोडवर चालवल्याशिवाय कळत नाही. बिनलोडची दहा मिनिटांची धडधड म्हणजे टेस्ट नव्हे.

बॅटरीचं सांगायचं तर दक्षिण कोरियाचं उदाहरण ताजं आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू असताना आग लागली आणि ७०० च्या वर सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्या बॅटऱ्यांची १० वर्षांची वॉरंटी उलटून गेली होती. मुदत संपलेली बॅटरी अजून एक वर्ष ओढू या, असं वाक्य माझ्यासमोर कितीदा बोललं गेलंय! आपल्याकडच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांना तर २५ च्या वर दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं होतं. ताई, हे तुमच्या २५ अंशांनाही लागू आहे हां.

खाडीकाठची

बॅटरी रूम वेगळी असते, काका. तिला २५ च्या वर न्या असं मी म्हटलेलंच नाही. डीजीच्या टेस्टबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने.

पण मिनिटांच्या मुद्द्यावर मागे हटणार नाही. पूर्वी एका रॅकला २-३ किलोवॉट असायचे, तेव्हा गार भिंती आणि गार फरशी दहा-पंधरा मिनिटं सांभाळून घ्यायच्या. आता १० किलोवॉटचा रॅक सर्रास आहे. हवा थांबली की अशा रॅकसमोर तापमान काही मिनिटांतच चढतं. चार अंशांची आगाऊ थंडी तिथे फार तर एखादं मिनिट देईल. त्या एका मिनिटासाठी आपण वर्षाचे ८७६० तास पैसे मोजतोय. थंडी साठवायचीच तर पाण्यात साठवा: चिल्ड वॉटरची बफर टाकी घ्या, आणि पाण्याचे पंप (आमच्याकडे ते आहेतच) व हॉलमध्ये गार हवा सोडणाऱ्या युनिटचे पंखे यूपीएसवर ठेवा. चिलर झोपलेला असतानाही गार पाणी फिरत राहतं.

आणखी एक, जे मी धाग्यात लिहायला हवं होतं. नुसता हॉलचा थर्मोस्टॅट वर करून फार काही वाचत नाही. चिलरच्या पाण्याचा सेटपॉइंटही (ठरवून दिलेलं तापमान) वर न्यावा लागतो. दर अंशाला चिलरची साधारण २ ते ३ टक्के वीज वाचते, ती तिथे. पंख्यांचं गणित तर डोळे उघडणारं आहे: वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हॉलमध्ये सगळी युनिट फुल स्पीडवर पळवण्यापेक्षा सगळीच हळू चालवणं स्वस्त पडतं, आणि एक बंद पडलं तर बाकीची वेग वाढवून सांभाळतात. इथे खर्च आणि सुरक्षितता एकाच दिशेला आहेत.

रॅकभाडेकरू

मी एका सहकारी बँकेकडून लिहितोय. आमचे रॅक तुमच्यासारख्यांच्या इमारतीत भाड्याने आहेत. आमच्या करारात '२२ अधिक-उणे २' असं स्पष्ट आहे. तुम्ही २५ केलंत तर तो करारभंग. वाचलेले दीड कोटी तुमच्या खिशात आणि सर्व्हर जळला तर उत्तर द्यायला आम्ही. आमच्या शाखेबाहेर पेन्शनची रांग असते, तिथे 'पीयूई सुधारलाय' असं सांगता येत नाही.

शिवाय तांत्रिक शंका. २५ च्या पुढे सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात. ती वीज सर्व्हरच्या मीटरवर मोजली जाते. म्हणजे भागाकारातली खालची संख्या फुगते, पीयूई छान दिसतो आणि बिल मात्र आमच्याकडे सरकतं. हे खरं की नाही?

खाडीकाठची

खरं आहे. म्हणून पीयूई बघून निर्णय घेऊ नये, एकूण किलोवॉट बघावेत. बरेच सर्व्हर २५ पर्यंत शांत असतात, २७ च्या पुढे पंखे भडकतात. म्हणूनच मी २५ म्हटलं, २७ नाही. आणि बचतीचा वाटा भाडेकरूला मिळालाच पाहिजे. करार बदलताना तुम्ही तो मागा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

उघडी_खिडकी

डब्लिनहून. इथे वर्षातला बहुतेक काळ चिलरची गरजच पडत नाही, बाहेरची हवा गाळून आत घेतात. तरीही २०२३ मध्ये देशातल्या मीटरवरच्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी खाल्ली, आणि त्यावर इथे प्रचंड वाद आहे. नवी मुंबईत निदान डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तरी बाहेरची हवा का घेत नाही? रात्री तापमान १८-२० ला येतं ना?

सोल्डरवाला

हे कृपया कोणी करू नका. मी बोर्ड दुरुस्त करतो. ठाण्याची खाडी, एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, उघडे नाले. हवेत गंधकाची संयुगं आणि मीठ दोन्ही. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी बोर्डांवर चांदीच्या संपर्कबिंदूंवर काळा सल्फाइड चढलेला असतो, सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखे तंतू दिसतात. ते शॉर्ट करतात. यासाठीच हॉलमध्ये तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून गंज मोजतात. मर्यादा गंजाच्या थराची: तांब्याला महिन्याला ३०० आणि चांदीला २०० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). बाहेरची हवा थेट घेतली तर ती ओलांडायला वेळ लागणार नाही. विजेचे वाचलेले पैसे बोर्डांत जातील, आणि कुठला बोर्ड कधी दगा देईल ते सांगता येणार नाही.

पाण्यामार्फत गारवा घ्यायचा तर हवा आत येत नाही, तो मार्ग वेगळा. पण आपल्या पावसाळ्यात वेट बल्बच (पाणी उडवून जास्तीत जास्त जेवढं खाली जाता येतं ते तापमान) २६-२७ असतो, कूलिंग टॉवर त्याच्या खाली जाऊ शकत नाही.

जुनी_रात्रपाळी

सोल्डरवाले, हे फार उपयोगाचं सांगितलंत.

ताई, तुमच्या टाकीच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. पटतोय. पण एक बाजू राहतेय. लंडनमध्ये १९ जुलै २०२२ ला पारा ४० अंशांवर गेला आणि गूगल व ओरॅकल, दोघांच्याही केंद्रांतली कूलिंग यंत्रणा ढेपाळली. पैसे नव्हते असं कोणी म्हणणार नाही. तिथे टाकीने तास काढता आले नसते, आणि माझ्या २१ अंशांनीही नाही, हे कबूल करतो. पण यावरून मी एवढंच घेतो की मार्जिन (राखीव सवड) खाताना ते कुणाचं आहे ते बघा. ब्लँकिंग पॅनेल लावून जे वाचतं तो वाया जाणारा पैसा. स्टँडबाय युनिट बंद करून, माणूस कमी करून जे वाचतं तो उसना घेतलेला पैसा.

माणसांचंही बोलू या. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजची ७५,००० माणसं विमानतळांवर अडकली, नुकसान सुमारे ८ कोटी पौंड. कारण म्हणून कंपनीने काय सांगितलं? डेटा सेंटरची वीज एका इंजिनीअरकडून तोडली गेली आणि चुकीच्या पद्धतीने परत जोडली गेली. रात्री दोन वाजता एकट्या पोराला आयसोलेशन (एखादा भाग विजेपासून तोडणं) करायला लावणं ही बचत नव्हे. दोन माणसं, हातात लिहिलेली पद्धत, एकाने वाचायचं, दुसऱ्याने स्विच फिरवायचा. यावर कोणी कात्री लावली तर मी तुमच्या २५ अंशांपेक्षा जास्त भांडेन.

खाडीकाठची

यावर भांडण नाहीच. क्रम असा लावते: आधी मोकळे खण आणि भोकं बंद, मग पंख्यांचा वेग, मग मालक नसलेले सर्व्हर. तापमान शेवटी, आठवड्याला एक अंश, प्रत्येक रॅकच्या वरच्या-मधल्या-खालच्या उंचीवर सेन्सर लावून. आणि २४ वर पोचलो की रविवारी पहाटे ग्राहकांना कळवून चिलर मुद्दाम बंद करायचे आणि किती मिनिटं मिळतात ते घड्याळावर बघायचं.

जुनी_रात्रपाळी

त्या पहाटे मी येतो. पण त्याआधी एक करा. पंप यूपीएसवर आहेत असं तुम्ही लिहिलंत, ते ड्रॉइंगवर बघून लिहिलंत की पॅनेल उघडून?

खाडीकाठची

ड्रॉइंगवर बघून. आज दुपारी इलेक्ट्रिशियनला घेऊन पॅनेल उघडलं. पंप क्रमांक १ यूपीएसवर आहे. पंप क्रमांक २ ची केबल तीन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत साध्या फीडरवर, म्हणजे यूपीएस नसलेल्या लाइनवर, नेली गेली आणि ड्रॉइंग कोणी बदललंच नाही. तापमानाचं काम थांबवलंय. सेटपॉइंट तूर्त २१ च. केबल बदलायचं शटडाउन पुढच्या शनिवारी मागितलंय, दोन माणसं आणि लिहिलेल्या पद्धतीसह.