कोल्हापुरात शंकू रोवला तर अ‍ॅनॅक्झिमँडरचे आकडे जुळतील का?

रंकाळा_वारा
नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या विज्ञान मंडळासाठी सहा तासिकांचा विषय घेतोय: प्राचीन ग्रीक विचारवंत आणि विज्ञानाची सुरुवात. पुस्तकांत साचा एकच दिसतो. थेलीस म्हणाला सगळं पाणी, अ‍ॅनॅक्झिमिनीज म्हणाला हवा, हिराक्लायटस म्हणाला अग्नी, डिमॉक्रिटस म्हणाला अणू. मुलं पाठ करतील आणि मग विचारतील, यात विज्ञान कुठं आलं?

तीन गोष्टी हव्यात. यांच्यापैकी कुणाचं काही गच्चीवर किंवा वर्गात करून बघता येतं का? थेलीसने सूर्यग्रहण वर्तवलं ही गोष्ट सांगावी की गाळावी? आणि शंकूचा (उभ्या काठीची सावली मोजण्याचा) प्रयोग घेतला तर कोल्हापूरच्या हिशोबाने आकडे काय धरायचे? साहित्यात काठी, ओळंबा, प्लॅस्टिकच्या बाटल्या एवढंच गृहीत धरा.

शंकुच्छाया
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

आधी एक दुरुस्ती. शंकू हा अ‍ॅनॅक्झिमँडरचा (थेलीसच्या पाठोपाठचा ग्रीक विचारवंत, सुमारे इ.स.पू. ६१० ते ५४६) शोध नव्हे. शंकू आणि दिवसाचे बारा भाग ग्रीकांनी बाबिलोनी लोकांकडून घेतले, असं हिरोडोटस (इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार) स्वच्छ लिहितो. अ‍ॅनॅक्झिमँडरने स्पार्टात शंकू उभारला ही माहिती तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लेअर्शियसची, म्हणजे सात-आठशे वर्षांनंतरची.

आता आकडे. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश उत्तर. एक मीटर उंच काठीची भर माध्यान्हीची सावली २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला ३० सेंमी पडते, २२ डिसेंबरला ८४ सेंमी. दोन्ही उत्तरेकडे. २१ जूनला १२ सेंमी, आणि ती दक्षिणेकडे. अ‍ॅनॅक्झिमँडरचं गाव मिलेटस (आजच्या तुर्कस्तानात) साडेसदतीस अंशांवर. तिथे तीच काठी विषुवदिनी (२१ मार्च, २३ सप्टेंबर) ७७ सेंमी, डिसेंबरात १ मीटर ८० सेंमी आणि जूनमध्ये २५ सेंमी सावली देते. वर्षभर कधीही दक्षिणेकडे नाही. त्यामुळे ग्रीक पुस्तकातली आकृती जशीच्या तशी फळ्यावर काढली तर साधारण ६ मे ते ६ ऑगस्ट या काळात ती कोल्हापुरात चुकीची ठरते. त्या दोन टोकांच्या दिवशी तर माध्यान्हीला काठीची सावलीच उरत नाही.

याच मुद्द्यावर हिरोडोटस अडकला होता. फिनिशियन खलाशी आफ्रिकेला वळसा घालून आले आणि म्हणाले, पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. त्याने हे लिहून ठेवलं आणि वर आपला विश्वास बसत नाही असंही नोंदवलं. जूनमध्ये माध्यान्हीला गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य उजवीकडेच असतो. मान वर करून ते कळणार नाही, कारण तो डोक्यावरून जेमतेम सात अंश कललेला असतो. सावली बघितली की कळतं. खलाशी खरं बोलत होते की नाही, हे मुलांना यावरून ठरवता येईल.

चुका कुठे होतात ते सांगतो.

एक, गच्ची सपाट नसते. पाणी निघायला उतार दिलेला असतो. शंभरात एक एवढा जरी उतार असला आणि काठी त्या उताराला काटकोनात लावली तरी मार्चच्या सावलीत जवळपास एक सेंमीचा फरक पडतो. प्लायवूडचा तुकडा घ्या, खाली पाचरी सारून पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट करा, मगच काठी लावा. काठीला ओळंबा दोन बाजूंनी धरून बघायचा, एका बाजूने नव्हे.

दोन, सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. मीटरभर काठीला ही धूसर पट्टी सुमारे एक सेंमीची होते आणि मग तीन मुलं तीन ठिकाणी खूण करतात. उपाय सोपा: काठीच्या टोकावर पुठ्ठ्याची आडवी चकती बसवा, मधोमध ५ मिमीचं भोक. सावलीत दीडेक सेंमीचा उजळ ठिपका पडतो, त्याचा मध्य धरायचा. उंची मोजताना भोकापर्यंतची मोजा, काठीच्या टोकापर्यंतची नाही.

तीन, घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, कोल्हापूर ७४.२ वर. सरासरी ३३ मिनिटांचा फरक, शिवाय वर्षभरात तो कमीजास्त होतो. २१ मार्चला माध्यान्ह १२:४० ला, ६ मेला १२:३० ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ ला, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ ला. बाराच्या ठोक्याला मोजून घरी गेलात तर सगळा खटाटोप वाया.

दिशा होकायंत्राने घेऊ नका, स्लॅबमधल्या सळ्या सुई फिरवतात. कात्यायन शुल्बसूत्रातली रीत वापरा: शंकूच्या उंचीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. मार्चच्या विषुवदिनी या वेळा कोल्हापुरात साधारण ९:५० आणि ३:३० येतात. त्याच दोन वेळी सूर्य ४५ अंशांवर असतो, म्हणजे कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी. थेलीसने पिरॅमिड याच क्षणी मोजला असं सांगतात. तुम्ही देवळाचं शिखर मोजायला गेलात तर सावली शिखराच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरावी लागेल, भिंतीपासून नाही. सगळ्यांची चूक इथेच होते.

तिसरी_घंटा
ग्रहणाची गोष्ट सांगा, पण 'थेलीसने गणित करून' हे शब्द गाळा.

हिरोडोटस एवढंच म्हणतो की लिडियन आणि मीड (आजच्या तुर्कस्तान-इराणमधली दोन राज्यं) यांच्या लढाईत दिवसाची रात्र झाली आणि कोणत्या वर्षी हे होणार ते थेलीसने आधी सांगितलं होतं. वर्ष, दिवस नव्हे. आजच्या गणिताने ते ग्रहण २८ मे इ.स.पू. ५८५ चं मानतात. काही जण म्हणतात की त्याला बाबिलोनी सॅरोस चक्र, म्हणजे ग्रहणं पुन्हा त्याच क्रमाने येण्याचा काळ, माहीत असावं. पण ते चक्र १८ वर्षं ११ दिवस आणि वर एक तृतीयांश दिवसाचं. त्या आठ तासांत पृथ्वी १२० अंश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण त्याच गावातून दिसेलच असं नाही. चंद्रग्रहणाला हे चक्र बरं चालतं, कारण ते अर्ध्या पृथ्वीवरून दिसतं. एका विशिष्ट गावातल्या सूर्यग्रहणाला ते पुरत नाही. मुलांकडून पृथ्वीगोल फिरवून हे करवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं असं की थेलीसचं स्वतःचं एकही वाक्य उरलेलं नाही. 'सगळं पाणी' हे आपल्याला अ‍ॅरिस्टॉटलकडून कळतं, म्हणजे दोनशे वर्षांनी, आणि तोही त्यामागचं कारण सांगताना 'बहुधा' म्हणतो. डील्स या जर्मन अभ्यासकाने १९०३ साली या सगळ्यांची वचनं एकत्र केली, तेव्हा इतरांनी सांगितलेलं 'ए' खाली आणि मूळ शब्द 'बी' खाली असे दोन कप्पे केले. एखादं वाक्य कुठे सापडलं तर आधी ते कोणत्या कप्प्यातलं ते बघा.

बादली_आणि_बाटली
वर्गात करण्यासाठी दोन प्रयोग सुचवतो. एकाचा निष्कर्ष बरोबर, एकाचा चूक. चुकीचा जास्त उपयोगी.

एम्पिडोक्लीज (इ.स.पू. पाचवं शतक, सिसिलीतलं अक्रागास) क्लेप्सिड्रा नावाच्या भांड्याचं वर्णन करतो. एक मुलगी त्याच्याशी खेळतेय असं ते पद्य आहे. नाव पाण्याच्या घड्याळासारखं असलं तरी हे घड्याळ नव्हे. तळाला चाळणीसारखी भोकं आणि वर अंगठ्याने बंद करता येईल असं तोंड, द्रव उचलायचं साधन. एक लिटरची बाटली घ्या, तळाला तापवलेल्या दाभणाने २ मिमीची आठ-दहा भोकं पाडा, झाकणाला ५ मिमीचं एक. झाकणाचं भोक उघडं ठेवून बाटली बादलीत बुडवा, भरली की त्या भोकावर अंगठा ठेवून उचला: पाणी पडत नाही. अंगठा काढला की धार. बहुतेक जण इथेच थांबतात. महत्त्वाचा भाग उलटा आहे: रिकामी बाटली, आधी अंगठा, मग बुडवा. पाणी आत येत नाही. 'रिकाम्या' बाटलीत काहीतरी आहे आणि ते जागा अडवतं, एवढं त्यातून निघतं.

काय बिघडतं: भोकं ६-७ मिमीची झाली की पाण्याचा पडदा टिकत नाही, हवा एका भोकातून वर आणि पाणी दुसऱ्यातून खाली. बाटली तिरकी झाली तरी तेच. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत, उचलताना कुशी चेपतात आणि पाणी टपकत राहतं. जाड प्लॅस्टिकची घ्या. आणि मुलांना हेही सांगा की एम्पिडोक्लीजला हवेचं वस्तुमान वगैरे सिद्ध करायचं नव्हतं. श्वास कसा चालतो ते समजावायला त्याने हे भांडं दृष्टांत म्हणून घेतलं: रक्त मागे सरतं तेव्हा हवा आत येते. ते चूक होतं.

दुसरा अ‍ॅनॅक्झिमिनीजचा. त्याचं म्हणणं, सगळं हवाच. विरळ झाली की गरम, दाटली की थंड, आणखी दाटली की ढग, पाणी, माती, दगड. पुरावा म्हणून त्याने फुंकर दिली. ओठ आवळून तळहातावर फुंकलं की गार, तोंड उघडून 'हा' केलं की ऊन. लगेच तपासता येतं म्हणून मुलांना पटतं. मग सायकलचा पंप द्या, तोंड बंद धरून दहा-बारा जोरात दाब. नळी तापते. हवा दाबली की गरम होते, म्हणजे नेमकं उलटं.

मग फुंकर गार का? आवळलेल्या ओठांतून निघालेली वेगवान धार बाजूची हवा ओढून घेते आणि हातावर पोचते ती बहुतांशी खोलीतली हवा, वर घामाचं बाष्पीभवन. हे अ‍ॅरिस्टॉटलने जवळजवळ बरोबर सांगितलं होतं: उघड्या तोंडातून आपली हवा येते, आवळलेल्या ओठांनी आपण समोरची हवा ढकलतो. नंतरचा ग्रीक लेखक प्लुटार्क याने ते नोंदवलंय. फरक बघायचा असेल तर डिसेंबरातल्या सकाळी आणि एप्रिलमधल्या रखरखीत दुपारी कोरडा थर्मामीटर समोर धरून दोन्ही फुंकरा मारा. खोलीची हवा श्वासापेक्षा गरम असेल त्या दिवशी थर्मामीटरवर 'गार' फुंकरच जास्त आकडा दाखवेल. हात मात्र गारच म्हणेल.

मिरजेची_तार
पायथागोरस राहिला की! लोहाराच्या हातोड्यांची गोष्ट घ्या, मुलांना आवडते. १२, ९, ८, ६ अशी वजनं आणि त्यातून सप्तक, पंचम, मध्यम.

तिसरी_घंटा
ती घेऊच नका, करून बघितली तर येत नाही. हातोड्याचा सूर त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात बदलत नसतो. तारेला वजनं टांगूनही येत नाही, कारण सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. वरचं सप्तक हवं तर दुप्पट नव्हे, चौपट वजन लागतं. शेकडो वर्षं पुस्तकांतून ही गोष्ट नकलली गेली. शेवटी गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस वजनं टांगून ती खोडली.

लांबीचं प्रमाण मात्र पक्कं आहे. फळीवर ६० सेंमीची तार ताणा, ३० वर टेकू म्हणजे वरचा षड्ज, ४० ठेवली की पंचम, ४५ ला मध्यम. टेकू तारेला जेमतेम शिवेल एवढाच उंच हवा. तार वर उचलली गेली की ताण वाढतो, सूर चढा लागतो आणि मुलं म्हणतात पायथागोरस चुकला.

पंचगंगेचा_घाट
हे सगळं ठीक, पण सुरुवात ग्रीकांपासूनच का? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाण्यावर. मग वेद म्हण म्हणतो, तर आठवत नाहीत. जेवल्यावर आठवतात. मन अन्नावर चालतं हे असं दाखवलं. हा प्रयोग नव्हे काय?

शंकुच्छाया
आहेच, आणि तो सहांतली एक तासिका देऊन घ्या, उपास न घडवता! त्याच अध्यायात पाण्यात विरघळलेलं मीठ तळातून, मधून, वरून चाखायला लावणं आहे. एक भेद मुलांना दाखवा. उद्दालक काय सिद्ध करायचं ते आधी जाणतो आणि शिष्याला तिथवर नेतो. मिलेटसमध्ये पुढच्याने मागच्याचं खोडलं. थेलीस म्हणाला पृथ्वी पाण्यावर तरंगते. मग पाणी कशावर? अ‍ॅनॅक्झिमँडरने आधारच काढून टाकला: पृथ्वी ढोलासारखी, जाडी व्यासाच्या एक तृतीयांश, सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर, म्हणून कुठेही जायला कारण नाही. अ‍ॅनॅक्झिमिनीजला ते पटलं नाही, त्याने पृथ्वी पुन्हा हवेवर टेकवली. अ‍ॅरिस्टॉटलने ढोलवाल्या युक्तिवादाची चेष्टा केली: अन्न आणि पाणी सारख्याच अंतरावर असलेला भुकेला-तहानलेला माणूस मधेच अडकून पडेल म्हणे. आपल्याकडेही दर्शनांची खंडनमंडनं झालीच, पण तुमच्या सहा तासिकांत ती मावायची नाहीत.

रंकाळा_वारा
सगळ्यांचे आभार. एक अडचण: दक्षिणेची सावली दाखवायची तर मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जूनच्या मध्यानंतर आभाळ. काय करावं?

शंकुच्छाया
मेच्या शेवटच्या आठवड्यात चार मुलांना बोलवा. २५ मेला सावली दक्षिणेकडे ७ सेंमीच्या वर असते, चकतीच्या ठिपक्याने स्पष्ट मोजता येते. माध्यान्ह १२:३० च्या आसपास, १२:१५ पासून पाच-पाच मिनिटांनी खुणा करायच्या.

तेही जमलं नाही तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ स्वच्छ, तेव्हा डिसेंबरचा अयनदिन (माध्यान्हीची सावली सगळ्यात लांब असते तो दिवस) शोधायला लावा. थेट सापडत नाही: १६ ते २१ डिसेंबरमध्ये सावली उणीपुरी तीन-चार मिलिमीटर बदलते, ती धूसर टोकात हरवते. म्हणून नोव्हेंबरात एका दिवशीची माध्यान्हीची सावली मोजून ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीत तेवढीच सावली कोणत्या दिवशी येते ते बघा, आणि मधले दिवस निम्मे करा. पडताळा घरचाच आहे. अंबाबाईचा किरणोत्सव (मावळत्या सूर्याची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो) ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला असतो. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी ८३ दिवस, निम्मे साडेएक्केचाळीस. १० नोव्हेंबरात तेवढे मिळवून बघा कुठली तारीख येते.