आइस हॉकीच्या मायनर (म्हणजे खालच्या) लीगमधला मारामारीवाला: इज्जतीची नोकरी की वापरून फेकलेला माणूस?

गारठलेला_पुणेकर
बॉस्टनकडच्या मंडळींना बॉबी रॉबिन्स आठवत असेल. विस्कॉन्सिनचा पोरगा, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणी घेतला नाही, मग बेलफास्ट, स्लोव्हेनिया, ईसीएचएल (अमेरिकेतली एक मायनर लीग) असं जिथे जागा मिळेल तिथे खेळत आणि मुख्य म्हणजे मारामाऱ्या करत बॉस्टनच्या मायनर टीमपर्यंत, प्रॉव्हिडन्स ब्रुइन्सपर्यंत आला, आणि 2014 ला वयाच्या 32व्या वर्षी एनएचएलची (सगळ्यात वरच्या लीगची) पहिली मॅच, त्यातच ल्यूक शेनशी हातमोजे टाकून भिडला. मला तरी या लोकांचा आदर वाटतो. गोल करणाऱ्या पोराला कुणी घाणेरडा धक्का मारला तर हिशोब चुकता करायला एन्फोर्सर, म्हणजे टीमचा मारामारीवाला, लागतोच, रेफ्री सगळं बघत नाही. आता एएचएलमध्ये (एनएचएलच्या लगेच खालची लीग) खेळाडूची सीझनमधली 10वी मारामारी झाली की सस्पेन्शन सुरू. म्हणजे भाकरीच काढून घेतली राव.

साधा_प्रेक्षक
पुढचं का नाही सांगितलंत? रॉबिन्स एनएचएलमध्ये 3 मॅच खेळला आणि डोक्याच्या दुखापतीने करिअर खलास. 3 मॅच! आणि डेरेक बूगार्ड? लुईझियाना, ह्यूस्टन करत मायनरमधून ठोसे मारत वर गेला, एनएचएलमध्ये 277 मॅच, गोल 3. 2011 मध्ये 28व्या वर्षी दारू आणि पेनकिलर एकत्र होऊन गेला, मेंदू तपासला तर सीटीई निघाला, म्हणजे डोक्याला सारखा मार बसून होतो तो आजार. हा वर पोचलेला, नाव झालेला माणूस. खाली आठवड्याच्या पगारावर, तोही सीझन असेपर्यंतच, बसमधून फिरणाऱ्यांचे मेंदू कोण तपासतंय?

गारठलेला_पुणेकर
बूगार्ड, बूगार्ड, दरवेळी तेच. 2023 ला कोलंबिया युनिव्हर्सिटीवाल्यांनी एनएचएलच्या मारामारीवाल्यांची बाकीच्या खेळाडूंशी तुलना केली, मृत्यूंच्या प्रमाणात खास फरक नाही निघाला.

साधा_प्रेक्षक
अहो अर्धाच वाचलात, जे वारले ते सरासरी 10 वर्षं लवकर वारले, आणि कारणांमध्ये ओव्हरडोस, आत्महत्या.

टपरीवरचा_तज्ज्ञ
दोघंही एनएचएलमध्येच अडकलात, विषय मायनरचा आहे ना. लोक तिकीट कशाचं काढतात ते बघा. कनेक्टिकटचे डॅनबरी ट्रॅशर्स, कचऱ्याच्या धंद्यातल्या मालकाने 17 वर्षांच्या पोराच्या हातात टीम दिली, पोराने मारामारीवालेच भरले आणि पब्लिक वेडं झालं. 2004 ते 2006, दोनच सीझन, पण अजून नाव निघतं.

साधा_प्रेक्षक
मालक नंतर जेलमध्ये गेला हेही सांगा की 😀

टपरीवरचा_तज्ज्ञ
तो मुख्यतः कचऱ्याच्या धंद्यातल्या भानगडींसाठी. टीमच्या पगारमर्यादेत लीगला फसवल्याचाही गुन्हा होता, पण मारामारीचा काय संबंध. खेळाडूंना कुणी बंदूक लावली नव्हती.

थंड_डोकं
मला ठोशांपेक्षा बर्फाची भीती वाटते. डॉन सँडरसन, कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या सीनियर (प्रौढ हौशींच्या) लीगमधला 21 वर्षांचा मुलगा, डिसेंबर 2008 मध्ये मारामारीत हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं, जानेवारीत गेला. त्या लेव्हलला कसलं ग्लॅमर आणि कसला पैसा? क्यूबेकच्या ज्युनियर लीगने 2023 पासून मारामारी केली की सरळ मॅचबाहेर काढायचं ठरवलं, ते बरोबरच आहे.

गारठलेला_पुणेकर
ज्युनियरमध्ये बंदी घाला, पोरं आहेत ती, माझी हरकत नाही. पण 30 वर्षांच्या बाप्याने आपलं डोकं कशासाठी धोक्यात घालायचं हे त्याला ठरवू द्या.

साधा_प्रेक्षक
ठरवू द्या ना, पण मग सीझन संपल्यावर त्याच्या न्यूरॉलॉजिस्टचं बिल टीमने भरावं. आहे का कुणी मालक तयार?