पडद्याच्या फोटोतले पांढरे-पिवळे ठिपके: एक्झुडेट, कॉटन वूल की ड्रुसेन?

फंडस_शिकाऊ

ग्रामीण रुग्णालयात मधुमेहींच्या डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढायचं काम आहे. कॅमेरा हातात धरायचा, ४५ अंशांचा. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो घेतो, एकात मॅक्युला (बारीक नजरेचा पडद्याचा मधला भाग) मध्यभागी, दुसऱ्यात डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा). लाल ठिपके बऱ्यापैकी कळतात, पण पांढरं-पिवळं काही दिसलं की गोंधळ होतो. हार्ड एक्झुडेट, कॉटन वूल स्पॉट आणि ड्रुसेन स्क्रीनवर सारखेच वाटतात. शिवाय कप-डिस्क रेशो (डिस्कमधल्या खळग्याचं, म्हणजे कपचं, डिस्कशी प्रमाण) ०.६ दिसला की प्रत्येकाला काचबिंदूचा संशय म्हणून पाठवायचं का? जिल्ह्याला जायचं म्हणजे पेशंटची एका दिवसाची मजुरी बुडते. उगाच पाठवायचं नाही, पण खरी केस सुटायलाही नको.

पडदा_ओपीडी

आधी रंगावर विसंबणं सोडा. कॅमेऱ्याची सेटिंग जरा बदलली की तोच ठिपका कधी पिवळा, कधी पांढरा. ठिपक्याची कड कशी आहे, तो रक्तवाहिनीच्या वर आहे की खाली आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, एवढं पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

हार्ड एक्झुडेट म्हणजे गळक्या केशवाहिन्यांतून झिरपून मागे राहिलेली चरबी. कड रेखीव, दिसायला मेणचट. हे एकटे फारसे नसतात. अर्धवट किंवा पूर्ण कडं करून बसतात आणि त्या कड्याच्या मधोमध शोधलंत तर गळणारे मायक्रोॲन्युरिझम (केशवाहिन्यांचे बारीक फुगे) सापडतात. फोव्हियापासून (मॅक्युलाच्या मध्यबिंदूपासून) एका डिस्कच्या व्यासाइतक्या अंतरात एक जरी दिसला तरी मॅक्युलाला सूज आहे असं धरून पाठवा, नजर ६/६ असली तरी. साध्या फोटोत जाडी कळत नाही, त्यासाठी ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) लागतं.

कॉटन वूल स्पॉट सगळ्यात वरच्या थरात, म्हणजे मज्जातंतूंच्या थरात असतो. तिथला रक्तपुरवठा तुटल्यामुळे तंतू फुगतात. त्याची कड पिंजलेली असते आणि वाटेत रक्तवाहिनी आली तर ती थोडी झाकली जाते. एक्झुडेट किंवा ड्रुसेन असं करत नाहीत. साधारण ६ ते १२ आठवड्यांत तो विरतो, त्यामुळे पुढच्या फोटोत नसला म्हणून आधीचं वाचन चुकलं असं नाही. हा दिसला की पहिलं काम बीपी मोजणं.

ड्रुसेन म्हणजे साचलेले पिवळट कण, पडद्याच्या खाली, रंगद्रव्याच्या थरामागे. रक्तवाहिनी त्यांच्यावरून स्वच्छ निघून जाते. बहुधा पन्नाशीपुढे, दोन्ही डोळ्यांत, मॅक्युलाच्या आसपास, आणि शेजारी रक्ताचा ठिपका नाही. आकारासाठी डिस्कच्या कडेला मोठ्या शिरेची रुंदी पाहा, ती साधारण १२५ मायक्रॉन असते. ड्रुसेन त्याहून मोठे असतील आणि सोबत काळपट रंगद्रव्य जमलं असेल तर पाठवा. सरळ रेघा वाकड्या दिसतात अशी तक्रार असेल किंवा मॅक्युलात रक्त वा करडा डाग असेल तर त्याच आठवड्यात.

आणखी एक फसवं प्रकरण: डिस्कला चिकटून पांढराशुभ्र, पिसासारख्या कडेचा पट्टा. हे जन्मजात मायलिन (मज्जातंतूचं पांढरं आवरण) असलेले तंतू. जुना फोटो असेल तर जुळवून पाहा, वर्षानुवर्षं तसाच राहतो.

स्लिटलॅम्प_०७

वरच्या उत्तराला जोडून. निम्मा गोंधळ फोटोमुळेच होतो. ठिपका उजव्या आणि डाव्या दोन्ही डोळ्यांच्या फोटोत चौकटीच्या अगदी त्याच जागी असेल तर ती भिंगावरची धूळ. तरुण पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांच्या कडेने पांढुरकी चकाकी दिसते. कॅमेरा किंचित हलवून दुसरा फोटो घ्या, चकाकी सरकते, एक्झुडेट जागचा हलत नाही. एका कडेला चंद्रकोरीसारखा उजेड आला तर कॅमेरा बाहुलीच्या मध्यावर नाही.

लाल ठिपक्यांसाठी फोटो हिरव्या चॅनेलमध्ये (फोटोतला फक्त हिरवा भाग) उघडा. मायक्रोॲन्युरिझम आणि रक्तस्राव काळे उठून दिसतात, खालचं तपकिरी रंगद्रव्य फिकं पडतं. आपल्याकडच्या गडद पडद्यांत याचा फार उपयोग होतो.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी तीन गोष्टी उरकून घ्या: नजर, दोन्ही बाहुल्यांची उजेडाला प्रतिक्रिया आणि कानाच्या बाजूने आडवा टॉर्च. नाकाकडच्या बुबुळावर सावली पडली तर बुबुळापुढची जागा अरुंद आहे, थेंब टाकू नका. एकदा बाहुली मोठी झाली की प्रतिक्रिया तपासता येत नाही आणि नेमकी तीच रिपोर्टात कोरी सोडलेली असते. नेहमीचे थेंब ट्रोपिकामाइड ०.८ टक्के अधिक फिनाइलेफ्रिन ५ टक्के. बीपी आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर नुसतं ट्रोपिकामाइड १ टक्का. २० ते ३० मिनिटं थांबा. पुढचे ४ ते ६ तास गाडी चालवायची नाही, हे सोबतच्या माणसालाही सांगा.

काचबिंदू_क्लिनिक

नुसत्या ०.६ वर पाठवू नका. मोठ्या डिस्कमध्ये ०.६ नॉर्मल असू शकतो आणि लहान डिस्कमध्ये ०.५ सुद्धा आजाराचा असू शकतो. आधी डिस्क लहान की मोठी ते ठरवा, मग उभा रेशो मोजा, आडवा नाही. कपची कड फिकटपणावरून ठरवू नका, रक्तवाहिनी जिथे वाकून आत उतरते तिथे कड.

मग काठाची, म्हणजे कपभोवती उरलेल्या डिस्कच्या कड्याची, जाडी. नॉर्मल डिस्कमध्ये बहुधा खालचा काठ सर्वांत जाड, मग वरचा, मग नाकाकडचा, कानाकडचा सर्वांत पातळ. खालचा किंवा वरचा काठ एका जागी खचलेला असेल, काठावर बारीक रेघेसारखं रक्त असेल किंवा दोन डोळ्यांच्या रेशोत ०.२ किंवा जास्त फरक असेल तर पाठवा. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आलं म्हणून थांबवू नका, नॉर्मल प्रेशरचा काचबिंदूही असतो. पण काठ शाबूत असून फिकट पडला असेल तर तो काचबिंदू नसण्याचीच शक्यता जास्त, तिथे नसेचा दुसरा आजार शोधावा लागतो.

फंडस_शिकाऊ

खूप उपयोग झाला. एक फोटो समोर आहे: उजव्या डोळ्यात वरच्या, कानाकडच्या भागात भरपूर रक्तस्राव, मधल्या आडव्या रेषेवर येऊन थांबलेला. डावा जवळजवळ साफ. साखर आहे, म्हणून डायबेटिक रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला होणारा आजार) लिहू का?

पडदा_ओपीडी

नको. मधुमेह सहसा दोन्ही डोळ्यांत दिसतो, थोडाफार उन्नीस-बीस. एकाच डोळ्यात, एकाच पाचरीत आणि आडवी रेषा न ओलांडणारा रक्तस्राव म्हणजे शिरेच्या शाखेत अडथळा. पाचरीचं टोक शोधा, बहुतेक वेळा तिथे धमनी शिरेवरून जाताना दिसेल. कडक झालेली धमनी शिरेला दाबते, म्हणून यात बीपी बहुतेक वेळा सापडतं. चारही भागांत रक्त आणि फुगलेल्या वाकड्यातिकड्या शिरा असत्या तर मुख्य शिरेत अडथळा. या पेशंटला एक-दोन आठवड्यांत ओसीटीला पाठवा.

घाईचं म्हणाल तर, अचानक न दुखता नजर गेलेली, पडदा पांढुरका आणि मध्यभागी लाल टिपका असेल तर धमनी बंद आहे. हा पक्षाघाताच्या जातीचाच प्रकार. पेशंटला डोळ्यांच्या ओपीडीच्या रांगेत न बसवता पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात ताबडतोब पाठवा. दोन्ही डिस्क सुजलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे बीपी घ्या आणि त्याच दिवशी पाठवा, बीपी नॉर्मल आलं तरी. डोळ्यासमोर वीज चमकते, पडदा ओढल्यासारखं वाटतं, हेही त्याच दिवशी. डिस्कवर किंवा इतरत्र जाळीसारख्या नव्या वाहिन्या, मोठ्या वाहिन्या ओलांडून जाणाऱ्या, दिसल्या तर आठवड्याभरात. मोजकेच मायक्रोॲन्युरिझम आणि मॅक्युला साफ असेल तर वर्षाने पुन्हा फोटो.

चिठ्ठीवर निदान लिहिण्याऐवजी काय दिसलं, कुठल्या डोळ्यात आणि फोव्हियापासून किती डिस्क अंतरावर ते लिहा. सोबत नजर, बीपी आणि बाहुलीची प्रतिक्रिया.