गच्चीवरचं लिंबू काळं, द्राक्ष पांढरं… काय फवारू? (नाशिक)

गच्चीवाली
मंडळी, इंदिरानगरला गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू, पेरू आणि हौसेने लावलेला द्राक्षाचा वेल आहे. दिवाळीत ढगाळ झालं तेव्हापासून लिंबाच्या पानांवर काजळी धरल्यासारखा थर आलाय. फडक्याने पुसला की जातो, आठवड्यात परत येतो. वेलाची पानं पांढरी पडलीत. एका दुकानदाराने तीन पुड्या एकत्र कालवून मारायला सांगितल्या. मारल्या, त्याही भर दुपारी. लिंबाची कोवळी पालवी करपली. नातू गच्चीवरच खेळतो, तेव्हा जहाल काही नको.

निफाडचा_पोरगा
ताई, आधी पंप खाली ठेवा. वेलाचं पान बोटाने पुसून बघा. द्राक्षावर असे दोन रोग येतात. पानाच्या वरच्या अंगालाही पावडर असेल आणि बोटाला लागली, तर भुरी. वरून पिवळसर तेलकट डाग आणि त्याच्याच खाली पांढरी लव दिसली, तर डावणी. दोघींची औषधं वेगळी. डावणीला पान ओलं राहावं लागतं, भुरीचं नुसत्या ढगाळ हवेवरही भागतं.

गच्चीवाली
पुसलं. बोट पिठाच्या डब्यात घातल्यासारखं झालं!

निफाडचा_पोरगा
मग भुरीच. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. वजन करून घ्या, चमच्याच्या अंदाजाने नको. ऊन उतरल्यावर पानाच्या दोन्ही बाजूंनी मारा, नाकाला रुमाल बांधा, नातवाला दोन दिवस वर येऊ देऊ नका. कडक उन्हात गंधकाने पान भाजतं. निमतेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. आणि वेलाची दाटी कमी करा, हवा खेळली पाहिजे.

वऱ्हाडी_संत्रं
लिंबावरची ती कोळशी. आमच्या अमरावतीकडे संत्र्यावर हीच येते. ही बुरशी झाडाला खातच नाही. किडे पानाचा रस ओढतात, गोड चिकटा टाकतात आणि बुरशी त्या चिकट्यावर वाढते. बुरशीनाशक मारणं म्हणजे गूळ तसाच ठेवून माश्या हाकलणं. पान उलटं करून बघा बरं. झाडावर मुंग्या आहेत का?

गच्चीवाली
अगंबाई! पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके आहेत. आणि मुंग्या खोडावरून कमी, कपड्यांच्या दोरीवरून जास्त येतायत. एक फांदी दोरीला टेकलीये, तिथून सरळ रांग.

वऱ्हाडी_संत्रं
कापूस म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. मुंग्या चिकट्यासाठी त्याची राखण करतात, गुरं राखावीत तशी. ती फांदी आजच छाटा. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट नको. पुंजके जुन्या टूथब्रशने काढा, पानांखाली पाण्याचा जोरात फवारा मारा. मग 5 मिली निमतेल थोड्या पातळ साबणात फेटून लिटरभर पाण्यात मिसळा आणि संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. करपलेली पालवी सावरू द्या, तोवर एकाच फांदीवर मारून बघा.

निफाडचा_पोरगा
ब्रश फिरवण्याआधी एक बघा. त्या पुंजक्यांत एखादा मोठा, झिपऱ्या झिपऱ्यांचा, तुरुतुरु पळणारा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. दिसते मिलीबगसारखी, पण मिलीबगच खाते. आम्ही बागेत विकत आणून सोडतो आणि लोक घरी ब्रशने चिरडतात.

मखमलाबादच्या_काकू
पेरूचं कुणी बोललंच नाही. आत अळ्या निघत असतील तर फळमाशी. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं झालं की कापडी पिशवी बांधायची. पडलेली फळं खतात टाकू नकोस गं बाई, अळी मातीत जाऊन कोष करते आणि माशी होऊन परत येते. मी पिशवीत गच्च बांधून उन्हात टाकते.

गच्चीवाली
तीन आठवड्यांनी सांगते. दोरी हलवली, मुंग्यांची रांग तुटली. लिंबाची नवी पालवी हिरवीगार आहे, जुनी पानं अजून काळीच. वेलाला एकदाच गंधक मारलं, नवी भुरी दिसली नाही. पळणारी अळी एकच सापडली, तिला तिथेच ठेवलंय, नातू रोज हजेरी घेतो. काकू, पेरूला पिशव्या बांधल्या, पण काल खारीने दोन फाडल्या. तिच्यासाठी वेगळा धागा काढते.