मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या गेजच्या तारा? (बोटं दुखतात म्हणून बदलल्या, आता आगीतून फुफाट्यात)

नळस्टॉपची_सतार

मंडळी, घाईत आहे आणि थोडी खजीलही आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण मदत करा.

लेक नववीत. आधी युकुलेले वाजवायची, यंदा एप्रिलमध्ये तिला सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची, मागे स्प्रिंगा असलेली. विकणारा मुलगा म्हणाला होता, "काकू, ९ च्या तारा आहेत, नवीन माणसाला बऱ्या." जुलैपासून तिची बोटं दुखायला लागली. नायलॉनवरून पोलादावर आली, दुखणारच, म्हणून मी काणाडोळा केला. पण सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं ठरलंय, तीन आठवडे उरलेत, आणि ही पंधरा मिनिटांत गिटार खाली ठेवते.

आता माझा पराक्रम ऐका. मी सतार शिकले आहे, मध्यमा पूर्णपर्यंत. सतारीच्या तारा नंबरावर मिळतात आणि नंबर वाढला की तार बारीक होते. बाजाची (मुख्य तार) ३०, तरफेची (पडद्यांखालच्या गुंजणाऱ्या तारा) ३४. तर मी हिशेब केला, ९ टोचतेय ना, मग ११ आणू, मऊ पडेल. ऑनलाइन मागवल्या. रविवारी दोघींनी मिळून जुन्या सगळ्या काढल्या, नव्या चढवल्या.

झालं असं की ब्रिज (तारांची खालची टोकं अडकतात तो भाग) मागच्या बाजूने उचलला गेलाय, खाली चक्क फट दिसते. तारा पडद्यांपासून (फ्रेटपासून म्हणा) कुठच्या कुठे वर. सहावी जुळवेपर्यंत पहिली उतरलेली असते. लेक एवढंच म्हणाली, "आई, या जाड आहेत." पाकीट उलटून वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

गिटार बिघडली का? परत ९ लावू, की आणखी बारीक ८? तिचा मित्र म्हणतो सगळे १० लावतात. या १०-११ मध्ये फरक तो किती असतो?

---

सहा_खुंट्या

ताई, गिटार बिघडलेली नाही. आधी ट्यूनिंग दोन-तीन स्वर उतरवून ठेवा म्हणजे ताण जाईल, मग बाकीचं वाचा.

गिटारचा गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ९ म्हणजे ०.००९ इंच, साधारण ०.२३ मिलिमीटर. संचाला पहिल्या तारेचं नाव पडतं, त्यामुळे '९ चा संच' म्हणजे ९ पासून ४२ पर्यंत, '१० चा' म्हणजे १० ते ४६, '११ चा' ११ ते ४८ किंवा ४९. तुमचा सतारीचा नंबर वायरच्या जुन्या ब्रिटिश मापाचा, तो उलटा चालतो. तुमची ३० म्हणजे आमची जेमतेम १२. गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

आता 'फरक तो किती'. लांबी तीच, स्वर तोच, पोलाद तेच, तर ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ९ चा वर्ग ८१, ११ चा १२१. म्हणजे पहिल्याच तारेवर ताण जवळजवळ दीडपट. स्ट्रॅटोकास्टरच्या साडेपंचवीस इंच लांबीवर ९ च्या संचाचा एकूण ओढा ३८-३९ किलोच्या आसपास असतो, १० चा ४७, ११ चा ५० च्या बराच वर. मागच्या स्प्रिंगा ९ च्या तारांशी तोलून बसवलेल्या होत्या. पुढून इतके किलो वाढल्यावर ब्रिज पुढे झुकणारच. झुकला की तारा वर. एक तार चढवली की ब्रिज आणखी झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात, म्हणून तुमचं जुळवणं संपत नाहीये.

९ चा संच परत लावा. स्प्रिंगांना हात लावला नसेल तर ब्रिज आपोआप खाली बसेल. यावेळी सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा, स्वरात आणा, मग पुढची.

---

मार्शल_फुल_व्हॉल्यूम

मी म्हणतो ११ काढूच नका. मागची झाकणी उघडून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळा, ब्रिज बसेल. महिनाभर बोटं रडतील, मग टोन ऐका. ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन १३ लावायचा. बारीक तारा म्हणजे डास गुणगुणतोय.

---

बेसूर_पण_नियमित

स्टीव्ही रे वॉन १३ लावायचा आणि अर्धा स्वर उतरवून वाजवायचा, हे दुसरं वाक्य लोक नेहमी गाळतात. शिवाय त्याचा पंजा बघा आणि नववीतल्या मुलीचा बघा. झीझी टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स ७ लावतो, त्याला कुणी डास म्हणत नाही. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीची दोन बोटं कारखान्यात टोकाला कापली गेली, तो बारीक तारांवर आणि खाली उतरवलेल्या ट्यूनिंगवर गेला, आणि हेवी मेटलचा सगळ्यात जाड आवाज त्याचाच.

जाड तारेचा फायदा नाही असं नाही. जोरात स्ट्रमिंग केलं तर ती स्वर सोडत नाही, खाली उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये लोंबत नाही. पण 'भारदस्त टोन' हवा असेल तर आधी अँपची (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीची) बास आणि गेनची बटणं फिरवून बघावीत, ती फुकट आहेत.

---

मार्शल_फुल_व्हॉल्यूम

बरं बाबा.

---

सहा_खुंट्या

ताई, एक शंका. ९ वरही पंधरा मिनिटांत बोटं दुखत होती, हे मला पटत नाहीये. एप्रिलपासून वाजवतेय म्हणजे एव्हाना घट्टे पडायला हवेत. ९ लावल्यावर दोन गोष्टी बघा.

एक, बाराव्या फ्रेटवर फ्रेटचा माथा ते तारेची खालची बाजू, मिलिमीटरची पट्टी धरून. दीड ते दोन ठीक. दोन, तिसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघा. जेमतेम कागद जाईल इतकी हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर नट, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची ती पांढरी पट्टी, तिच्या खाचा उथळ आहेत. मग सुरुवातीचे कॉर्ड दाबताना जीव जातो. स्वस्त गिटारवर हे सर्रास असतं, आणि गेज कितीही बदला, ते दुखणं तसंच राहतं.

---

भर_पावसात_भजी

जुन्या तारा गंजलेल्या होत्या का तेही सांगा. पुण्यात जून ते सप्टेंबर तारा महिनाभरात खरखरीत होतात, तारेखालून बोट फिरवलं की कळतं. वाजवून झालं की सुती कापडाने पुसायची सवय लावा. माझ्या घरी गिटार खिडकीजवळ असायची, आता कपाटात असते. बायको म्हणते तिथेच बरी.

---

नळस्टॉपची_सतार

सगळ्यांचे आभार. ९ चा संच आणला, यावेळी पाकिटावरचा प्रत्येक आकडा वाचून. एकेक करून लावल्या. ब्रिज खरंच बसला! मला वाटलं होतं काहीतरी कायमचं वाकलं.

मोजलं. बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर. आणि नटपाशी भावाचं व्हिजिटिंग कार्ड आरामात आत गेलं, वर हललंही. जुन्या तारा डब्यातून काढून बघितल्या, खालून तपकिरी.

लेकीच्या हाताकडे नीट बघितलं तर ती दोन फ्रेटच्या मधोमध दाबते. सतारीवर आम्हाला पहिल्या महिन्यात सांगतात की पडद्याला लागूनच दाब, नाहीतर जोर लागतो आणि तार झणझणते. हे मी तिला चार महिने सांगितलं नाही, कारण गिटारमधलं मला काय कळतं, असं धरून चालले होते.

अजून एक अडचण. गाणारी मुलगी म्हणते अर्धा स्वर उतरवा, तिला वरचं झेपत नाही. म्हणजे पहिली तार पेटीवरच्या पांढरी तीनच्या ऐवजी काळी दोनला. मग ९ ढिल्या पडतील का?

---

सहा_खुंट्या

चांगला प्रश्न. ताण कंपनसंख्येच्याही वर्गाप्रमाणे जातो. अर्धा स्वर उतरवला की सुमारे ११ टक्के ताण कमी होतो. म्हणजे ९ चे ३८-३९ किलो ३४-३५ वर येतील. वाजतील, पण जोरात मारलं तर स्वर थोडा वर उडेल आणि जाड तारा फ्रेटवर खडखडतील. त्याच काळी दोनला १० चा संच ४२ च्या आसपास येतो. तो मित्र म्हणत होता ते १० इथे शोभतील.

पण गणपतीला तीन आठवडे उरलेत आणि बोटं आत्ताच दुखतात, तर आता ९ वरच उतरवून वाजवू दे. ताण बदलला की ब्रिज किंचित मागे बसेल, म्हणून दोनदा-तीनदा जुळवायला लागेल. नंतर बँड कायम काळी दोनलाच राहणार असेल तर १० किंवा मधला साडेनऊचा संच घ्या, आणि त्यावेळी स्प्रिंगा, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं) सगळं एकदा करून घ्या. आज ९, उद्या १०, परवा ९ असं करू नका. गेज बदलला की दरवेळी गिटार नव्याने बसवावी लागते.

---

पेठेतला_पाहुणा

ताईंना तरफेची ३४ नंबरची तार चालली असती की! मापाने ती ९ च भरते.

---

सहा_खुंट्या

पोलादी असेल तर पिकअपला (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकी पट्टीला) ऐकूही येईल, चुंबकाचं काम आहे ते. फक्त गिटारच्या तारेला टोकाशी पितळी गोळी असते, ती ब्रिजमध्ये अडकते. सतारीच्या तारेला ती नाही. करू नका हो, त्या आधीच एकदा फसल्यात.

---

बेसूर_पण_नियमित

नटच्या खाचा घरी कानशीने खोल करू नका. कागदभर जास्त घासलं गेलं तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि नट नवीन बसवावा लागतो. कारागिराकडे न्या, अर्ध्या तासाचं काम. नेताना ज्या तारा कायम ठेवायच्या त्याच लावून न्या, तो त्याच जाडीला खाच करतो.

---

नळस्टॉपची_सतार

अपडेट. डेक्कनच्या बाजूला एक कारागीर सापडले. खाचा खोल केल्या, ब्रिजवरची छोटी सॅडल (तारेचा टेकू) थोडी खाली घेतली, बाराव्या फ्रेटवर आता पावणेदोन. काल पोरीने सलग चाळीस मिनिटं वाजवलं आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागली. बोटं अजून लाल होतात, पण तक्रार नाही. काळी दोनला सहावी तार थोडी खडखडते, ती म्हणते गणपतीत ढोल असताना कुणाला ऐकू येणार.

११ च्या तारा खुंट्यांपाशी कापल्या गेल्यात, त्यामुळे कुणाला देता येत नाहीत. एक मोगऱ्याच्या वेलीला बांधली.

परवा माझ्याच सतारीची बाजाची तार तुटली. दुकानात निघाले तर लेक मागून ओरडली, "आई, नंबर नको सांगूस. जाड हवी की बारीक, तेवढं सांग."